कमान, सभामंडप आणि तुंबलेली मोरी : नाशिकच्या एका प्रभागातल्या खर्चाचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकच्या एका कॉलनीचं आहे, इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याच्या मधल्या पट्ट्यातली समजा. कॉलनीचं नाव देत नाही, माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत, आणि रकमा गोल केल्यात पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलंय. नगरसेवकांना खोटी नावं द्यायची गरज नाही, प्रभागातल्या जागा तशाही अ, ब, क, ड अशाच असतात.

महापालिकेचा पैसा भलतीकडे गेला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कोणी खाल्ले?" इथे कोणी खाल्ल्याचं काही दिसलं नाही. नगरसेवक, इंजिनियर, कॉलनीतले लोक, सगळे आपापल्या जागेवरून बघितलं तर शहाण्यासारखंच वागले आणि तरी पाणी घरात शिरायचं ते शिरतच राहिलं. म्हणून प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

कॉलनी नव्वदच्या दशकातल्या लेआउटची. १८० घरं, बरेचसे रो-बंगले, काही तीनमजली इमारती. जमिनीचा उतार एका बाजूला आणि उताराच्या टोकाला एक गल्ली, २६ घरांची. पूर्वी तिथून नैसर्गिक नाला वाहायचा, लेआउट पडताना तो रस्त्याखालच्या पाइपात घातला, म्हणजे एक मोरी केली आणि वर डांबर टाकलं. मोरीच्या पलीकडच्या तोंडावर हळूहळू चार दुकानांचे ओटे आले आणि एका बंगल्याच्या पार्किंगचा स्लॅब आला. सगळी ओळखीची माणसं, त्यातले एक तर गणेश मंडळाचे खजिनदार.

जोराचा पाऊस झाला की खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी. फ्रिज विटांवर चढवलेले, गाड्या वरच्या गल्लीत नेऊन लावायच्या, जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळलं की दोन-तीन दिवस टँकर, आणि पाण्याची मोटर जळणं हे तर ठरलेलंच. वरच्या १५४ घरांना यातलं काहीच नाही, त्यांच्या दारातलं पाणी दहा मिनिटांत ओसरतं, ते खालीच तर जातं.

आता महापालिकेकडे बघू. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत नाशिकला १२२ जागा होत्या आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. म्हणजे मतदाराने एका दमात चार मतं द्यायची. चारही नगरसेवक त्याच भागाचे, त्यामुळे काम झालं की चौघांचे फोटो फ्लेक्सवर आणि नाही झालं की प्रत्येकजण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवायला मोकळा. कॉलनीतल्या किती जणांना चारही नावं सांगता येतात ते एकदा विचारून बघितलं होतं, बहुतेकांची गाडी दोनावर अडते. यात लोकांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही, एका मताने निकाल फिरायची शक्यता जवळजवळ शून्य असताना चौघांचं प्रगतिपुस्तक कोण तपासत बसणार. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मधे हेच मांडलं, की मतदाराचं अज्ञान हे त्याच्या बाजूने हिशेबाला धरूनच असतं.

पैशाची बाजू तर आणखी धूसर. पूर्वी जकात होती, मग मे २०१३ पासून नाशिकला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, आणि जुलै २०१७ पासून जीएसटी. तेव्हापासून महापालिकेच्या तिजोरीतला मोठा हिस्सा राज्य सरकारकडून नुकसानभरपाई म्हणून येतो, २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के वाढ, असा कायदाच आहे. घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतो ती दिसते, पण बाकीचा पैसा कुठून तरी वरून आल्यासारखा वाटतो. तो पण आपलाच असतो, साबण घेताना भरलेला, पण त्याची पावती कोणी महापालिकेच्या नावाने फाडत नाही. त्यामुळे "महापालिकेच्या पैशातून" म्हटलं की कोणालाच आपला खिसा आठवत नाही.

बजेट कसं ठरतं तेही थोडं सांगायला हवं. आयुक्त मसुदा करून स्थायी समितीला देतात, स्थायी त्यात आपली कामं घालते, मग ते महासभेत जातं आणि तिथे अजून कामं शिरतात. आकडे जुळायला हवेत म्हणून उत्पन्नाची बाजू पण कागदावर फुगवली जाते, घरपट्टीची वसुली इतकी होईल, विकास शुल्क तितकं येईल वगैरे. वर्ष संपता संपता पैसे तेवढे आलेले नसतात पण वर्क ऑर्डरी निघालेल्या असतात, मग दायित्व, म्हणजे ज्याला राजीव गांधी भवनात, महापालिकेच्या मुख्यालयात, सगळे स्पीलओव्हर म्हणतात ते, पुढच्या वर्षावर. स्थायीत १६ सदस्य आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात, त्यामुळे आत आहोत तोवर आपली कामं लावून घ्यायची घाई प्रत्येकाला. भिशीत आपली चिठ्ठी निघाली की माणूस हप्त्यांचा विचार करत नाही, तसं.

अडचण नेमकी काय होती

वरवर बघता अडचण पाण्याची. पण पाण्याचं उत्तर २०१७ च्या पावसाळ्यातच बऱ्यापैकी माहीत होतं. तेव्हाच्या शाखा अभियंत्याने जागेवर येऊन बघितलं आणि बोलता बोलता सांगून टाकलं की मोरी निम्मी गाळाने भरलीये, पाइप लहान आहे आणि पलीकडचं तोंड ओट्यांनी दाबलंय. मोरी उघडून साफ करायची, मोठा पाइप टाकायचा, ओटे आणि स्लॅब मागे घ्यायचे, झालं. त्याचा अंदाज साधारण ११ लाख.

खरी अडचण ही की या ११ लाखांच्या कामाला मालकच नव्हता. ते देखभाल-दुरुस्तीच्या हेडमधलं काम. त्याला भूमिपूजन नाही, कोनशिला नाही, जमिनीखाली गेलं की दिसतही नाही, वर पाच ओळखीच्या लोकांच्या ओट्याला हात लावायचा. नगरसेवकाच्या जागी बसून बघा, फायदा झालेली २६ घरं दोन पावसाळ्यांत विसरून जातील आणि ओटा गेलेली पाच घरं आयुष्यभर लक्षात ठेवतील.

त्याच वेळी कॉलनीच्या ओपन स्पेसवर सभामंडप हवा ही मागणी जोरात होती. १८ लाखांचं इस्टिमेट. मागणी करणारे ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गटाच्या ताई आणि गणेश मंडळ, म्हणजे तिन्ही आधीच संघटित, मीटिंगला वेळेवर येणारे, नगरसेवकाला फोन करणारे. खालच्या गल्लीतली २६ घरं फक्त जून ते सप्टेंबर संघटित, आणि त्यातली आठ-नऊ भाड्याची.

२०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. १८ लाखांचा सभामंडप सगळ्या शहरावर वाटला तर माणशी सव्वा रुपयाच्या आत. सातपूरच्या किंवा नाशिकरोडच्या माणसाने या सव्वा रुपयासाठी शरणपूर रोडच्या मुख्यालयात जाऊन हरकत घ्यावी अशी अपेक्षाच करता येत नाही, रिक्षाचं भाडंच त्याच्या कितीतरी पट. इकडे कॉलनीतल्या माणसाला मात्र सभामंडप अख्खाच्या अख्खा मिळतो. अर्थतज्ज्ञ मॅनकर ओल्सन यांनी १९६५ मधे जे सांगितलं, की थोड्यांचा मोठा फायदा आणि पुष्कळांचा बारीकसा तोटा असला की थोडेच जिंकतात, ते इथे एका ओपन स्पेसवर मावत होतं.

मधेच २०१८

२०१८ सालचं इथे आलंच पाहिजे कारण नाशिककरांनी ते डोळ्यांसमोर बघितलंय. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी नवीन मिळकतींचं करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर घरपट्टी ठरते ते, वाढवलं, मोकळ्या जागाही त्यात आल्या आणि शहरभर विरोध पेटला. दुसरीकडे नगरसेवकांच्या कामांना त्यांनी तीन कसोट्या लावल्या, गरज आहे का, तांत्रिकदृष्ट्या होणारं आहे का, पैसा आहे का. या कॉलनीचा सभामंडप पहिल्याच कसोटीला अडकला. मोरीची फाईल कोणी चालवलीच नव्हती, त्यामुळे ती कुठल्याच कसोटीपर्यंत पोचली नाही. ऑगस्टमधे अविश्वास ठरावाची हालचाल झाली, तो मागे घेतला गेला, नोव्हेंबरमधे त्यांची बदली झाली.

त्या एप्रिल-मे मधल्या कॉलनीच्या मीटिंगचं इतिवृत्त माझ्याकडे आहे. एकाच संध्याकाळी दोन ठराव एकमताने पास. एक, घरपट्टीवाढीला तीव्र विरोध. दोन, पावसाळी गटार आणि सभामंडप तातडीने करावा. दोन ठरावांच्या मधे चहा झाला. कोणालाही काही खटकलं नाही, आणि खटकायचं कारणही नाही, कारण आपल्याकडे कर ठरवणारी चर्चा आणि खर्च ठरवणारी चर्चा एकमेकींना कधी भेटतच नाहीत. कायद्याप्रमाणे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, कामांची यादी वेगळ्या वेळी, वेगळ्या टेबलावर.

कोणते पर्याय समोर होते

४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला मोठा पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, सराफ बाजारात पाणी शिरलं. या कॉलनीचा गोदावरीशी थेट संबंध नाही, पण त्या आठवड्यात खालच्या गल्लीत पण कंबरेला लागेल इतकं पाणी होतं आणि शहरात सगळीकडे पाण्याचीच चर्चा. तेव्हा पहिल्यांदा सगळे पर्याय एकत्र मांडले गेले.

पहिला, मोरीची दुरुस्ती, ११ लाख, ओटे काढण्यासकट.

दुसरा, कॉलनीच्या मुख्य रस्त्यातून नवीन पावसाळी गटार, आरसीसी पाइप, चेंबर, थेट नाल्यापर्यंत, ४८ लाख. हा बांधकाम विभागाने सुचवला. इथे इंजिनियरला शिव्या घालणं सोपं आहे, की मोठं काम म्हणजे मोठं टेंडर. पण त्याच्या बाजूने पण बघा, दुरुस्ती केली आणि तरी एखाद्या पावसात पाणी भरलं तर नोटीस त्याला, ओटे काढताना राडा झाला तर तोही त्याच्याच डोक्यावर. नवीन गटार नियमाप्रमाणे डिझाइन केलेलं, त्यात त्याची मान सुरक्षित. स्वस्त आणि थोडी जोखमीची वाट निवडल्याबद्दल सरकारी नोकरीत बक्षीस नाही, आणि वाचवलेले ३७ लाख त्याच्या विभागाला परत मिळणार पण नाहीत.

तिसरा, कॉलनीने स्वतः वर्गणी काढून मोरी साफ करून घ्यायची. रस्ता महापालिकेचा, परवानगीचा घोळ, आणि वरच्या गल्लीतला माणूस म्हणणार आम्ही का द्यायचे.

चौथा, माहिती अधिकार, तक्रारी, वेळ पडली तर कोर्ट. वकिलाशी बोलणं झालं, वेळ किती लागेल ते ऐकून विषय तिथेच थांबला.

पाचवा सगळ्यात व्यवहारी, आणि तो नगरसेवकांकडूनच आला. अ जागेच्या ताईंना सभामंडप हवा होता. ब ला शेजारच्या कॉलनीची कमान, १४ लाख. क ला गावठाणात पेव्हर ब्लॉक, २० लाख. ड विरोधी पक्षातले, पण खालच्या गल्लीत त्यांची मतं, त्यांना गटार हवं होतं. चौघांनी एकमेकांच्या कामांना सही द्यायची, एकच पत्र, एकच यादी, बरोब्बर १ कोटी. ड चा पक्ष वेगळा असूनही कोणाला काही वाटलं नाही. पक्ष महासभेत वेगळे असतात, प्रभागाच्या यादीत नसतात.

हात वर करायची ती मीटिंग

या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हा. कॉलनीत एक निवृत्त बँक मॅनेजर काका आहेत, आकड्यांचे पक्के. ओपन स्पेसवरच्या मीटिंगमधे त्यांनी एक खेळ मांडला. म्हणाले, "समजा महापालिका नाहीच, आपल्यालाच पैसे भरायचेत, १८० घरांवर सारखे. आता सांगा."

सभामंडप, घरटी १०,००० रुपये. दहा-बारा हात. थोड्या वेळापूर्वी याच मागणीसाठी टाळ्या वाजल्या होत्या. नवीन गटार, घरटी जवळपास २६,७००. फक्त खालच्या गल्लीचे हात, तेही सगळे नाहीत. मोरीची दुरुस्ती, घरटी सहा हजार शंभरच्या आसपास. निम्म्याहून जास्त हात वर. वरच्या गल्लीतले एक आजोबा म्हणाले, "सहा हजारात दरवर्षीची कटकट मिटणार असेल तर मी देतो बाबा, पण स्लॅब तोडायला मला नेऊ नका."

काकांनी अर्थशास्त्राचं पुस्तक वाचून हे केलं नव्हतं, कर्ज मंजूर करायची सवय. पण क्नुट विकसेल या स्वीडिश माणसाने १८९६ मधे हेच सुचवलं होतं, की खर्चाचा प्रत्येक प्रस्ताव त्याच्या कराच्या वाटणीसकट मतदानाला ठेवा आणि जवळपास सगळ्यांची संमती घ्या, मग कुठलं काम खरंच किमतीचं आहे ते आपोआप कळतं. जेम्स ब्युकॅनन यांना १९८६ मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या कामाचा पाया बराचसा इथलाच.

म्हणजे लोकांना उत्तर माहीत होतं. किंमत समोर ठेवली की लोक मोरी निवडत होते. किंमत झाकली की सभामंडप.

मग काय केलं

निवडला पाचवा पर्याय. हात वर झाल्यानंतरच्या पंधरवड्यात कमिटी चौघांच्या संयुक्त पत्राला पाठिंबा देऊन मोकळी झाली. सेक्रेटरींचं म्हणणं असं की काकांचा खेळ छान होता पण महापालिका काही आपल्याला ११ लाखांचा चेक देणार नाहीये, उरलेले ३७ लाख पण कॉलनीला परत मिळणार नाहीत, मग मिळतंय ते मोठं का सोडायचं. आणि सभामंडप फुकटात येतोय. त्यांचं गणित बरोबर होतं, हीच तर गंमत आहे. स्वस्त पर्याय निवडून वाचलेला पैसा शहराचा, त्यातला कॉलनीच्या वाट्याला येणार चिमूटभर, आणि ओटे तोडायचं भांडण मात्र पूर्ण कॉलनीचं.

१ कोटीची यादी शहरावर वाटली तर माणशी पावणेसात रुपये. हरकत शून्य. ब्युकॅनन यांचे सहकारी गॉर्डन टुलॉक यांनी १९५९ मधे शंभर शेतकऱ्यांचं उदाहरण घेतलं होतं, प्रत्येक फाट्याच्या रस्त्याचा फायदा चार-पाच जणांना आणि दुरुस्तीचा खर्च सगळ्यांवर, मग शेतकरी एकमेकांशी सौदे करतात, तू माझ्या रस्त्याला मत दे मी तुझ्या, आणि शेवटी रस्त्यांवर गरजेपेक्षा जास्त खर्च होतो, प्रत्येकजण आपला रस्ता झाला म्हणून खूश असताना. आपल्या प्रभागात शेतकरी चारच होते.

मार्च २०२० मधे कोविड आला, कामं गोठली. २०२१ मधे सगळ्यांना घाई झाली कारण नगरसेवकांची मुदत २०२२ च्या मार्चमधे संपणार. गटाराचं ४८ लाखांचं काम दोन तुकड्यांत टाकलं, पहिला तुकडा वरच्या सरळ रस्त्यातला, जिथे कोणाचा ओटा नाही, दुसरा मोरीजवळचा, जिथे सगळे ओटे. दुसरा नंतर करू, असं ठरलं.

निकाल

सभामंडप २०२१ संपायच्या आत उभा राहिला, उद्घाटन जोरात. कमान झाली. पेव्हर झाले. गटाराचा पहिला तुकडा पण झाला, पण तो मोरीच्या शंभर-दीडशे फूट अलीकडे थांबला आणि पाणी तात्पुरतं म्हणून बाजूच्या मोकळ्या प्लॉटकडे सोडलं. मार्च २०२२ ला मुदत संपली, नगरसेवकांच्या जागी प्रशासक आले, दुसऱ्या तुकड्याची फाईल स्पीलओव्हरच्या ढिगात.

२०२२ च्या पावसाळ्यात खालच्या गल्लीत पाणी थोडं कमी झालं. पण त्या प्लॉटच्या कडेला एक वस्ती आहे, पत्र्याच्या खोल्या, अंबडच्या कंपन्यांमधे कामाला जाणारे भाडेकरू, बहुतेकांचं मतदान गावाकडे. त्यांच्या खोल्यांत पहिल्यांदा पाणी शिरलं. १ कोटीच्या यादीत चार नगरसेवक, दोन कॉलन्या, एक गावठाण, इंजिनियर, ठेकेदार सगळ्यांचं काही ना काही होतं, ही माणसं कुठेच नव्हती. त्यांच्यातल्या एका ताईंनी कमिटीच्या सेक्रेटरींना गाठून विचारलं, "दादा, हे पाणी आमच्याकडे सोडताना कोणाला विचारलं होतं?" सेक्रेटरींनी खरं ते सांगितलं, की इंजिनियर म्हणाले तात्पुरतं आहे.

२०२३ च्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत विभागाने मोरी दोन्ही बाजूंनी उघडून गाळ काढला. पाचपैकी दोन ओट्यांना नोटिसा लागल्या आणि ते मागे घेतले गेले, खजिनदारांचा स्लॅब आहे तिथेच आहे. पाइप बदलला नाही. तरी त्या पावसाळ्यात खालच्या गल्लीत पाणी घोट्याच्या वर गेलं नाही. म्हणजे ११ लाखांच्या पर्यायाचा जेमतेम एक हिस्सा झाला आणि त्याने गटाराच्या पहिल्या तुकड्यापेक्षा जास्त काम केलं. वस्तीचं पाणी मात्र तसंच, कारण प्लॉटकडे सोडलेलं तोंड कोणी बंद केलेलं नाही.

यावरून काहीजण म्हणतात बघा, नगरसेवक नसले की कामं होतात. मला हे पटत नाही. त्याच काळात पलीकडच्या गल्लीतलं मंजूर झालेलं ड्रेनेजचं काम यादीतून गायब झालं आणि का ते विचारायला माणूसच नव्हता. नगरसेवकाला निदान घरी जाऊन पकडता तरी येतं. प्रशासकाला ओट्याची भीती नाही तशी खालच्या गल्लीचीही नाही, या वेळी मोरी साफ झाली हा बराचसा एका उपअभियंत्याचा स्वभाव.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा २०१७ ची. शाखा अभियंत्याने ११ लाखांचं तोंडी सांगितलं तेव्हा ते लेखी मागून घ्यायला हवं होतं. आपल्या महापालिकेत जे कागदावर नाही ते पर्याय म्हणून अस्तित्वातच नसतं. लेखी असतं तर २०१९ मधे ४८ लाखांच्या शेजारी ११ लाख छापील दिसले असते आणि लेखापरीक्षणाच्या भीतीने तरी कोणीतरी विचारलं असतं.

दुसरी जागा हात वर झाल्यानंतरचे पंधरा दिवस. तिथे कमिटीकडे एक दुर्मिळ गोष्ट होती, लोकांची खरी पसंती, किमतीसकट. ती इतिवृत्तात गेली आणि तिथेच राहिली. तिचा सौद्यात वापर करता आला असता. म्हणजे सौदा करायचाच होता तर चौघांच्या यादीत ४८ च्या जागी ११ घाला आणि उरलेल्यातून गल्लीतले दिवे करा असं म्हणता आलं असतं. सेक्रेटरी म्हणतात ड तयार झाले नसते, त्यांना दिसणारं काम हवं होतं. असेलही. पण विचारलं नव्हतं.

तिसरी जागा ओट्यांची. पाच जणांचा तोटा मोठा आणि ठसठशीत, तो फुकटात सोसायला ते का तयार होतील. ओटे बेकायदेशीर होते हे खरं, पण कायदा आपल्या बाजूला असून इतकी वर्षं काही झालं नव्हतं. कॉलनीने घरटी हजारभर रुपये काढून त्यांच्या पुढच्या बाजूला नीट पायऱ्या आणि पत्र्याची शेड करून दिली असती तर ही गाठ सुटली असती असं मला वाटतं. काकांना हे अजिबात मान्य नाही. त्यांचं म्हणणं, अतिक्रमणाला भरपाई दिली की उद्या अजून पाच ओटे येतील. त्यांच्या म्हणण्यात दम आहे, आणि माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही.

चौथी जागा, गटाराचे तुकडे. सोपा तुकडा आधी घेतला की उद्घाटन होतं, अवघड तुकडा करायचं कारण संपतं. पाण्याच्या कामात तर हे उलटंच हवं, तोंडाकडून वर यायचं. दुसऱ्या तुकड्याच्या वर्क ऑर्डरशिवाय पहिल्याचं काम सुरू करू नये एवढी एक अट पत्रात घातली असती तर चाललं असतं.

पाचवी, वस्ती. यावर लोक म्हणतात, मीटिंगला बोलवायला हवं होतं. बोलावलं असतं तरी मत नसलेल्याचं कोण ऐकतं हा प्रश्न उरतोच. निदान इंजिनियरकडून पाणी कुठे सोडणार याचा नकाशा मागितला असता आणि तो नकाशा वस्तीत दाखवला असता, तर आरडाओरडा काम होण्याआधी झाला असता. एकदा पाइप पुरल्यावर आरडाओरड्याची किंमत फार कमी होते.

सभामंडपाबद्दल दोन शब्द, कारण वरचं वाचून तो वाया गेला असं वाटेल. तसं झालेलं नाही. बचत गटाच्या मीटिंगा तिथे होतात, लसीकरणाचं शिबिर झालं, दहावी-बारावीची मुलं संध्याकाळी अभ्यासाला बसतात, बारसं आणि तेराव्याला हॉलचं भाडं वाचतं. हात वर करायच्या मीटिंगमधे दहा-बाराच हात होते, आज विचारलं तर जास्त येतील. घरटी १०,००० चे येतील का, ते काकांनी परत विचारलेलं नाही.

सध्या गटाराच्या दुसऱ्या तुकड्याची मागणी परत सुरू झालीये, इस्टिमेट अर्थातच वाढलंय. कमिटीने या वेळी अर्जाला एक कागद जोडलाय, त्यात प्रत्येक कामापुढे एकूण रक्कम, घरटी रक्कम, पाणी कुठे जाणार आणि कोणाचा ओटा जाणार असे चार रकाने आहेत. चौथा रकाना रिकामा आहे. तो भरायचा की नाही यावर पुढच्या मीटिंगला चर्चा ठेवलीये, आणि खजिनदार त्या मीटिंगचे अध्यक्ष आहेत.